स्वस्तातलं स्प्रिंगवालं एअरसॉफ्ट पिस्तूल घरच्या घरी नीट कसं करायचं

पाचशे-सातशे रुपयांचं स्प्रिंगवालं एअरसॉफ्ट पिस्तूल, म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या मारणारं खेळण्यातलं पिस्तूल, बऱ्याच घरांत कपाटाच्या वर धूळ खात पडलेलं असतं. जुन्या बाजारात तर ते शंभर-दोनशेला पण मिळतं. सुरुवातीला मजा येते, मग गोळी कधी तीन फुटांवर पडते, कधी छताकडे जाते, मग स्लाईड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, अडकायला लागते आणि एक दिवस ते कपाटावर जातं. पण यातली नव्वद टक्के पिस्तुलं मेलेली नसतात. आत कुठेतरी हवा गळत असते, बॅरल, म्हणजे गोळी जाते ती नळी, डुगडुगत असते आणि गोळ्या भंगार असतात, बस. एवढंच ठीक केलं तरी सात मीटरवरून चहाच्या कपाएवढ्या गोलात गोळ्या टाकणारी वस्तू तयार होते, खर्च दोन-तीनशेच्या आत.

आधीच सांगून टाकतो, हा लेख पॉवर वाढवायचा नाही. यूट्यूब बघून सगळ्यांना पहिल्यांदा जाड स्प्रिंग टाकायची खाज सुटते. असल्या पिस्तुलातला सिअर, म्हणजे पिस्टनला धरून ठेवणारा खटका, एकतर प्लॅस्टिकचा असतो नाहीतर ठिसूळ झिंकच्या ओतकामाचा. जाड स्प्रिंगने तो तुटतो किंवा त्याची धार झिजते, आणि धार झिजली की ट्रिगर न दाबता पिस्तूल सुटायला लागतं. म्हणजे नेम तसाच वाईट राहिला आणि वर धोका वाढला. नेम येतो तो प्रत्येक शॉटला हवा तेवढीच आणि तशीच मिळण्यातून.

थोडा हिशोब बघा म्हणजे पटेल. समजा गोळी सेकंदाला ५० मीटरने सुटते. सात मीटर जायला तिला ०.१४ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती साधारण साडेनऊ सेंटिमीटर खाली येते. पुढच्या शॉटला थोडी हवा गळली आणि वेग ४५ झाला तर ती जवळजवळ १२ सेंटिमीटर खाली येणार. हवेचा अडथळा आणि हॉपअप (गोळीला फिरकी देणारी सोय, पुढे सांगतो) हिशोबात धरलेच नाहीत, तरी नुसत्या गळतीमुळे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक पडला. तुम्ही कितीही श्वास रोखून नेम धरा, हा फरक तुमच्या हातात नाही.

आत नक्की काय चालतं

काम सायकलच्या पंपासारखं आहे. स्लाईड मागे ओढली की मेन स्प्रिंग दबते आणि सिअर पिस्टनला पकडतो. स्लाईड पुढे केली की नॉझल मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी ढकलून बॅरलच्या मागच्या चेंबरमध्ये बसवतं. ट्रिगर दाबला की सिअर सुटतो, पिस्टन पुढे धावतो, सिलिंडरमधली हवा नॉझलमधून गोळीच्या पाठीशी जाते आणि गोळी बाहेर. दर शॉटला स्लाईड ओढावी लागते, गॅस नाही, बॅटरी नाही, त्यामुळे घरी दुरुस्त करायला यापेक्षा सोपा प्रकार नाही.

चांगल्या मॉडेलमध्ये चेंबरला हॉपअप असतं, म्हणजे वरच्या बाजूने एक छोटा रबरी उंचवटा. त्याला घासून गोळी उलटी फिरत बाहेर पडते, त्या फिरकीमुळे तिला वर उचल मिळते आणि ती जास्त लांब सरळ जाते. क्रिकेटवाले ज्याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात तोच. स्वस्तातल्या पिस्तुलात हॉपअप एकतर नसतंच, नाहीतर फिक्स असतं, कमी-जास्त करायची सोय नसते.

सामान

छोटे फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर (मोबाईल रिपेअरवाल्या सेटमधला थोडा मोठा चालतो), चिमटा, कटर, इअरबड, जुना टूथब्रश, वॉटर पेपर ६००, १००० आणि २००० नंबरचा, प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप, अरल्डाइट, फेव्हिक्विक, आयसोप्रोपिल अल्कोहोल. डिजिटल व्हर्नियर असेल तर सोन्याहून पिवळं, पण नसला तरी अडत नाही.

वंगणाचं मात्र नीट ऐका कारण इथेच सगळे घोळ घालतात. शिलाई मशीनचं तेल नको, खोबरेल नको, गाडीचं ग्रीस नको आणि डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको. पेट्रोलियमवाल्या तेलांनी साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं, हॉपअपचा बारीक रबर तर कामातूनच जातो. आपल्याला सिलिकॉन पाहिजे. पातळ सिलिकॉन ऑईल ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठी मिळतं, आणि घट्ट सिलिकॉन ग्रीस वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणारे लोक ओ-रिंगला, म्हणजे हवा-पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कडीला, लावतात तेच. प्युरिफायरच्या स्पेअरच्या दुकानात छोटी ट्यूब किंवा डबी मिळते, एक डबी वर्षानुवर्षं पुरते.

ओ-रिंग, वॉशर, बारीक स्क्रू वगैरे सुटं सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मिळून जातं. दुकानदाराला "पिस्तुलाची रिंग" असं सांगू नका, जुनी रिंग हातात घेऊन जा आणि मापाला माप लावून घ्या, उगाच भुवया उंचावायला नकोत.

आणि गॉगल. साधा चष्मा चालत नाही, बाजूने उघडा असतो आणि काच तडकू शकते. हार्डवेअरच्या दुकानात ईएन १६६ किंवा झेड८७ असं सुरक्षा मानक छापलेला पॉलीकार्बोनेटचा बंद गॉगल मिळतो. स्प्रिंग उडते ती खोलताना, गोळी उलटी येते ती टेस्टिंगच्या वेळी, त्यामुळे पहिल्या स्क्रूपासून शेवटपर्यंत तो डोळ्यावर राहू दे. घरात पोरं असतील तर त्यांना पण, नाहीतर दुसऱ्या खोलीत पाठवा.

खोलणं

आधी मॅगझिन काढा. मग पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून, कार्टनमध्ये वगैरे, एकदा ट्रिगर दाबून स्प्रिंग सैल करा. बऱ्याचदा चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असते, मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं धरून चालू नका. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कधीही खोलायचं नाही.

मोबाईलने दर पायरीला फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी घुसवला की प्लॅस्टिक बाहेरून फुगतं किंवा फुटतं. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्यावर पिस्तुलाचा आकार काढायचा आणि जिथला स्क्रू तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा.

फ्रेमचे दोन भाग वेगळे करताना ट्रिगरची आणि मॅगझिन कॅचची बारीक स्प्रिंग टुणकन उडून सोफ्याखाली जाते आणि मग घरातला झाडू फिरेपर्यंत सापडत नाही. त्यामुळे शेवटचे दोन स्क्रू काढले की सगळं एका मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हात पण पिशवीत घाला, आणि तिथेच हळूच उघडा. बावळट दिसतं पण काम करतं.

उघडल्यावर लगेच काही उचकटू नका. आधी बघा: सिअर कुठे आहे, तो पिस्टनच्या कुठल्या खाचेत बसतो, ट्रिगरची पट्टी त्याला कशी ढकलते. रिकाम्या हाताने ट्रिगर हलवून बघा. पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवली की नंतर जोडताना तास वाचतो.

साफसफाई

प्लॅस्टिकचे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने टूथब्रशने घासा. फॅक्टरीतून येताना यात बदाबदा ग्रीस भरलेलं असतं आणि त्यात धूळ बसून काळा चिकटा तयार होतो. झिंकच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली तर ती गंजच आहे, बारीक वॉटर पेपरने हलकेच काढा, लिंबू-व्हिनेगर लावून सोडून देऊ नका, झिंकला आम्ल खातं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत स्प्रिंगा गंजलेल्या असतात, त्या तेवढ्या वेगळ्या काढून घासलेटमध्ये बुडवून ब्रशने घासा, पुसा, वाळवा आणि सिलिकॉनचा हलका हात फिरवा. घासलेटचा हात प्लॅस्टिकला आणि रबराला लावायचा नाही. आणि ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर एबीएसच्या, म्हणजे हे पिस्तूल ज्या प्लॅस्टिकचं असतं त्याच्या, आसपास पण आणू नका, पृष्ठभाग विरघळून चिकट होतो.

बॅरल साफ करायला बॅरलपेक्षा लांब बारीक काडी घ्या, झाडूची सरळ काडी पण चालते, तिच्या टोकाला जुन्या सुती बनियनची पट्टी गुंडाळून अल्कोहोलमध्ये ओली करून एकाच दिशेने ओढा, मग कोरडी पट्टी. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. बॅरलमध्ये तेल नको, एक थेंब पण नको. तेल लागलेली गोळी हॉपअपवर घसरते, फिरकी बसत नाही आणि गोळी कुठेही जाते. हॉपअपचा रबर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

गळती शोधणं आणि बंद करणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे वेळ काढा.

सिलिंडर आणि पिस्टन बाहेर काढा. पिस्टन सिलिंडरमध्ये मागपर्यंत ठेवा, नॉझलचं भोक अंगठ्याने घट्ट दाबा आणि दुसऱ्या हाताने पिस्टन ढकला. सील चांगलं असेल तर पिस्टन अर्ध्यात जाऊन अडतो, हाताला उशीसारखा दाब लागतो आणि सोडलं की तो परत मागे येतो. सील वाईट असेल तर फुस्स करत आरामात शेवटपर्यंत जातो. नव्या कोऱ्या स्वस्त पिस्तुलात पण बहुतेक वेळा दुसराच प्रकार असतो.

आता फुस्स कुठून येतंय ते शोधायचं. पिस्टनच्या ओ-रिंगवरून येत असेल तर रिंग काढा, तिच्या खाचेत टेफ्लॉन टेपचे दोन वेढे घट्ट द्या आणि रिंग परत बसवा. रिंग थोडी बाहेर ढकलली जाते आणि सिलिंडरला नीट टेकते. दोन वेढ्यांनी झालं नाही तर तिसरा, पण एकदम सहा-सात वेढे देऊ नका. रिंग फार घट्ट झाली की हवा गळणार नाही पण घर्षणच इतकं होतं की पिस्टन रेंगाळतो आणि वेग उलट कमी होतो. माप असं: ग्रीस लावून, नॉझल मोकळं ठेवून पिस्टन एका बोटाने सहज सरकला पाहिजे, आणि नॉझल दाबून अडला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जमलं की थांबा. रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल तर टेपचे लाड न करता नवीन आणा, दहा रुपयांची वस्तू आहे.

सिलिंडर दोन तुकडे चिकटवून बनवलेला असेल तर जोडावरून पण गळतं. पाण्यात बुडवून पिस्टन ढकला, बुडबुडे सांगतील. पूर्ण वाळवून बाहेरच्या बाजूने अरल्डाइटचा पातळ थर द्या आणि एक रात्र ठेवा. आतल्या बाजूला अरल्डाइट गेलं तर पिस्टन अडकेल, म्हणून आत काहीच लावायचं नाही.

तिसरी जागा म्हणजे नॉझल आणि चेंबरचा रबर जिथे भेटतात ती. स्लाईड पुढे पूर्ण बंद असताना नॉझल रबरात घट्ट बसलं पाहिजे. बऱ्याचदा स्लाईडच पूर्ण पुढे येत नाही, एखादा मिलिमीटर राहते, आणि तेवढ्या फटीतून निम्मी हवा जाते. कारण साधं असतं, प्लॅस्टिक ओतताना राहिलेली बर, म्हणजे कडेची कुसळं, किंवा रेल्सवरचा, म्हणजे स्लाईड ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांवरचा, कचरा. नॉझलच्या टोकाला शाई किंवा स्केचपेन लावून स्लाईड बंद करा, उघडा आणि रबरावर ठसा बघा. पूर्ण गोल ठसा आला तर ठीक. अर्धा आला तर नॉझल तिरकं बसतंय, मग बघायचं की चेंबरचा ब्लॉक फ्रेममध्ये हलतोय का. हलत असेल तर त्याच्याखाली किंवा बाजूला टेपची पातळ पट्टी चिकटवून तो सरळ करा.

सिलिंडरमध्ये सिलिकॉन ग्रीस किती? काडीच्या टोकावर मावेल एवढं. आतून बोट फिरवल्यावर नुसती चमक दिसली पाहिजे. जास्तीचं ग्रीस नॉझलमधून उडून बॅरलमध्ये जातं आणि मघाचा सगळा स्वच्छता कार्यक्रम वाया.

बॅरल

स्वस्त पिस्तुलात इनर बॅरल म्हणजे पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पातळ नळी, काहींत नुसतंच प्लॅस्टिक. ती बाहेरच्या जाड बॅरलच्या आत मोकळी लटकत असते. पुढचं टोक बोटाने हलवून बघा, टकटक वाजलं की समजा दर शॉटला ती वेगळीकडे बघतेय. इनर बॅरलवर दोन ठिकाणी, एक पुढे आणि एक मधोमध, टेफ्लॉन किंवा इन्सुलेशन टेपचे वेढे देत जा, आत सरकवून बघा, परत एक वेढा, परत बघा. हलकं ढकलून आत गेली पाहिजे आणि हलता कामा नये. टेपची कड तिरकी गुंडाळू नका, नळी एका बाजूला जाते. कामाचं मोल बघितलं तर सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो, खर्च शून्य.

एअरसॉफ्टची गोळी नावाला ६ मिलिमीटरची. चांगली गोळी ५.९५ च्या आसपास असते आणि बॅरलचं भोक त्याहून जरासं मोठं, चांगल्या गनमध्ये ६.०८ वगैरे. टाईटबोअर म्हणून ६.०३ किंवा ६.०१ च्या नळ्या मिळतात, पण त्या या पिस्तुलासाठी घेऊ नका. पिस्तुलापेक्षा महाग पडतात आणि आपल्याकडच्या उबडखाबड गोळ्या त्यात अडकतात.

नळीच्या पुढच्या कडेला पोचा पडला असेल तर गोळी बाहेर पडता पडता बाजूला ढकलली जाते. २००० च्या पेपरची छोटी सुरळी करून कड आतून हलक्या हाताने गोल फिरवत साफ करा. आतून पूर्ण पॉलिश करायचं असेल तर पितळेच्या नळीला ब्रासो लावलेली सुती पट्टी ओढा, पण नंतर अल्कोहोलने इतकं साफ करा की वास पण राहता कामा नये.

हॉपअप असेल तर रबराचा उंचवटा बरोबर वर, बाराच्या काट्यावर आहे का ते बॅरलमधून उजेडाकडे बघून तपासा. जरा जरी कलला असेल तर गोळी त्या बाजूला वळते, आणि लोक बिचारे वर्षभर साईट्सना, म्हणजे नेम धरायच्या खुणांना, शिव्या देत बसतात.

ट्रिगर, रेल्स आणि मॅगझिन

सिअरच्या धारेला कानस लावायची नाही. ती जी काही कोनात आहे तशीच राहू दे. ट्रिगर खरखरीत लागत असेल तर सिअरच्या आणि ट्रिगर पट्टीच्या बाजू, म्हणजे ज्या फ्रेमला घासतात त्या, १००० आणि मग २००० च्या पेपरने गुळगुळीत करा आणि ग्रीसचा ठिपका द्या. तेवढ्यानेच ट्रिगर बदलल्यासारखा वाटतो. सिअरला चीर दिसली तर ते पिस्तूल वापरायचं नाही, सुट्या भागांसाठी ठेवून द्या.

स्लाईडच्या रेल्सवर बर असेल तर कटरची धार उभी धरून खरवडा, कापू नका. स्लाईड लावून मागेपुढे करा, जिथे अडते तिथे चकाकी येते, तेवढीच जागा घासा.

मॅगझिनमध्ये गोळ्या वर ढकलणारी स्प्रिंग अडकत असेल तर धुऊन वाळवा, तेल नको. वरच्या ओठांवर प्लॅस्टिकची कुसळं असतात ती काढा, एका वेळी दोन गोळ्या घुसण्याचं ते मुख्य कारण. आणि मॅगझिन भरून ठेवून देऊ नका, बरेच दिवस दाबलेली स्वस्त स्प्रिंग बसते.

मोडलेलं जोडणं

स्क्रूचं भोक गुळगुळीत झालं असेल तर त्यात टूथपिकचा तुकडा अरल्डाइट लावून घाला, पूर्ण सुकू द्या, कापून सपाट करा आणि मधे बारीक भोक पाडून स्क्रू घाला. भोक पूर्ण मोठं झालं असेल तर खायचा सोडा भरून वर फेव्हिक्विकचा थेंब, क्षणात दगड होतो, पण गरम होतं आणि झोंबणारा धूर येतो म्हणून खिडकीत करा.

पुन्हा जोडताना स्क्रू एकदम घट्ट पिळू नका. आधी उलटा, म्हणजे डावीकडे हळू फिरवा. एका ठिकाणी स्क्रू किंचित खाली पडतो, बोटाला बारीक टक् जाणवतं. तिथे जुन्या आट्याची सुरुवात सापडली. आता सरळ फिरवा, तो जुन्याच आट्यात जाईल. नाहीतर दर वेळी नवीन आटा कापला जातो आणि चार वेळा खोललं की भोकात आटाच उरत नाही. हे एक जमलं तरी प्लॅस्टिकच्या कुठल्याही वस्तूचं आयुष्य दुप्पट होतं, रिमोट असो की मिक्सर.

तडकलेल्या एबीएसला ॲसिटोनचा उपयोग इथे तेवढा होतो. मोडक्या एबीएस खेळण्याचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत थोड्या ॲसिटोनमध्ये एक रात्र ठेवले की घट्ट लापशी तयार होते, ती काडीने तड्यांमध्ये भरली की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला मिळून जातं. दिवसभर सुकू द्या. स्टोव्हजवळ हे उद्योग नकोत, ॲसिटोन झटकन पेटतं.

वजन हवं असेल तर ग्रिपच्या पोकळ जागेत लोखंडी वॉशर अरल्डाइटने बसवा. मॅगझिनच्या वाटेत यायला नको एवढंच. शिसं टाळा, हाताला लागतं आणि ते विषारी आहे.

रंग

इथे माझं मत ठाम आहे आणि काहींना आवडणार नाही. काळा कुळकुळीत रंग देऊ नका, आणि पुढचं नारिंगी टोक असेल तर त्याला हात लावू नका. अमेरिकेत खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांना नारिंगी खूण कायद्याने लागते, ब्रिटनमध्ये हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर बंधनं आहेत म्हणून तिकडे निळी, हिरवी, चक्क गुलाबी एअरसॉफ्ट पिस्तुलं विकतात. आणि ज्या जपानमधून हा छंद आला तिथे १९७१ पासून धातूची मॉडेल पिस्तुलं पिवळी किंवा पांढरी रंगवावी लागतात. आपल्याकडे "खेळण्यातलं पिस्तूल दाखवून लुटलं" अशा बातम्या येतच असतात, समोरच्या माणसाला आणि पोलिसाला तुमचं खेळण्यातलं आहे हे दुरून कळणार नाही. त्यामुळे ते बॅगेत घालून फिरायला नेणं, बाल्कनीत उभं राहून झाडावर नेम धरणं, लग्नात फोटोसाठी काढणं, सगळं बंद. विमानात केबिन बॅगेत पण चालत नाही, खेळणं म्हणून सुद्धा.

म्हणून स्लाईड पिवळी आणि फ्रेम राखाडी, किंवा तुमच्या मनाला येईल ते झगझगीत. दिसतं पण मस्त. मोल्डच्या जोडरेषा आधी कटर उभा धरून खरवडा, मग ६०० आणि १००० चा पेपर पाणी लावून. साबणाने धुवा, एक दिवस वाळवा, मग हात न लावता प्लॅस्टिक प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक स्प्रे, एका फुटाहून जरा जवळून, तीन-चार पातळ थर. रेल्स, नॉझल आणि सिअरच्या जागा टेपने झाका, रंगाच्या जाडीने पण स्लाईड अडकते. आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका, पावसाळी हवेत रंगावर पांढुरकी छाया येते आणि परत सगळं घासावं लागतं. दिवाळीनंतर करा.

गोळ्या आणि टेस्टिंग

पिस्तुलाबरोबर येणाऱ्या रंगीत गोळ्या सरळ टाकून द्या. त्या ०.१२ ग्रॅमच्या असतात, मधे शिवण असते, आत हवेचे बुडबुडे असतात. शंका असेल तर काचेवर घरंगळवा, वाकडी जाते ती वाईट. ०.२० ग्रॅमच्या पॉलिश केलेल्या गोळ्या घ्या. त्याच ताकदीत जड गोळीचा वेग कमी होतो, ०.१२ ची ६० ने जात असेल तर ०.२० ची साधारण ४६ ने जाईल, पण ती वाऱ्याने आणि फिरकीने भरकटत नाही. फिक्स हॉपअपवाल्या पिस्तुलात ०.१२ ची गोळी वर चढते आणि ०.२० ची सरळ जाते, म्हणजे पिस्तुलाला काही न करता नुसत्या गोळ्या बदलून काम झालं. हॉपअपच नसेल तर ०.२० थोडी लवकर पडेल, नेम जरा वर धरायचा. जमिनीवरून उचललेली गोळी परत घालायची नाही, तिच्यावरची वाळू बॅरल खाते.

टार्गेटसाठी मोठा कार्टन, पुढे कागद आणि आत जुनी चादर किंवा गोणपाट लोंबत सोडलेलं. गोळी लोंबत्या कापडात मरते आणि खाली पडते. स्टीलचं ताट, भिंत, फरशी यांच्यावर मारू नका, उसळून जोरात तोंडावर येते. रिकामं पण फार मारू नका, गोळी नसली की पिस्टनला पुढे हवेची गादी मिळत नाही आणि तो सरळ सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो.

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो असं नाही. टार्गेटपासून बरोबर ५ मीटरवर उभे राहा, मोबाईल बरोबर मधोमध ठेवा आणि आवाज रेकॉर्ड करा. मग ती फाईल ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ट्रिगरचा फट् आणि कागदाचा टप् असे दोन उंचवटे दिसतील, त्यांच्यातला वेळ मोजा. मोबाईल मधोमध असल्यामुळे दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो, तो आपोआप वजा होतो. ०.११ सेकंद आले तर ५ भागिले ०.११, म्हणजे सेकंदाला ४५ मीटर. ०.२० ग्रॅमला ही ऊर्जा ०.२ ज्यूल झाली. जपानमधली कायदेशीर मर्यादा ०.९८ ज्यूल आहे, म्हणजे आपण बरंच खाली आहोत, पण डोळ्यासाठी ०.२ सुद्धा भरपूर आहे. दहा शॉट मोजा. आकडा किती मोठा आहे हे सोडा, दहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा.

नेम बघताना हात उशीवर टेकवा आणि दहाच्या दहा एकाच ठिपक्यावर मारा. भोकं वर-खाली पसरली असतील तर वेग बदलतोय, परत ओ-रिंग आणि नॉझलकडे जा. डावी-उजवीकडे पसरली असतील तर बॅरल हलतेय. सगळी एकत्र पण एका बाजूला असतील तर हॉपअपचा रबर कलला असेल, आणि तो सरळ असेल तर फक्त साईट चुकलीय, पुढच्या साईटला एका बाजूने किंचित घासलं तरी भागतं. सगळीकडे पसरली असतील तर गोळ्या बदला आणि मगच पिस्तुलाला हात लावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर तारीख आणि काय बदललं ते लिहून कागद ठेवून द्यायचा. ठेवताना स्प्रिंग सैल, मॅगझिन रिकामं, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. चार-सहा महिन्यांनी अंगठा लावून पिस्टनची टेस्ट परत करा, टेफ्लॉन टेप तोपर्यंत दबलेली असते, एक वेढा वाढवावा लागतो.